विण्याचा पहारा

सिरसाळ्यात म्हातारपण तीन वाटांनी येतं. पहिल्या वाटेनं येणारं कागदावर लिहून येतं. शिक्षक असो, ग्रामसेवक असो, तलाठी असो, त्याला आपली तारीख आधीपासून पाठ असते. ५८ वर्षं भरतात, महिन्याचा शेवटचा दिवस उजाडतो, शाल-श्रीफळ होतं, चार माणसं चांगलं बोलतात आणि दुसऱ्या दिवशी दहा वाजले तरी कुठं जायचं नसतं. दुसऱ्या वाटेला तारीख नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या गड्याच्या घरी मुकादम उचल द्यायला येतो. इतकी वर्षं ज्याच्या हातात पैसे ठेवले त्याच्याकडं एकदा बघतो, मग त्याच्या पोराकडं बघतो आणि उचल पोराच्या नावावर लिहितो. त्या दिवशी तो गडी निवृत्त होतो. आदेश नाही, पेन्शन नाही, हार नाही. तिसरी वाट बायांची. ती कुठं संपते तेच कळत नाही. रानातून सुटलेली बाई नातवंडांत गुंतते, आणि तिला कुणी निवृत्त म्हणतही नाही.

मी पहिल्या वाटेनं आलो. नोकरीभर जिल्ह्यातल्या गावोगावच्या शाळांतून फिरलो आणि शेवटी परळी-तेलगाव रस्त्यावरच्या या आपल्या गावी येऊन टेकलो. हातात पेन्शन होती, घरात माणसं होती, शेताचा तुकडाही होता. तरी पहिल्या काही महिन्यांत एक गोष्ट जाणवत राहिली, ती म्हणजे माझ्यावाचून कुणाचं काही अडत नव्हतं. शाळेत मी पोचलो नाही तर चाळीस पोरं वर्गाबाहेर उभी राहायची. आता मी दुपारी तीनपर्यंत झोपलो काय आणि जागा राहिलो काय, सारखंच. घरचे प्रेमानं म्हणायचे, ‘लई कष्ट काढले, आता आराम करा.’ बोलणाऱ्याच्या मनात माया असते, पण ऐकणाऱ्याला त्यात रजाच दिसते.

पारावर बसायला लागलो तेव्हा कळलं की हे दुखणं एकट्या पेन्शनवाल्याचं नाही. शेजारी बसलेला माणूस वर्षानुवर्षं दसरा-दिवाळीनंतर टोळीसोबत पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जायचा. त्याच्या जगात नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात, माणसं तशीच मोजतात. तो मला म्हणाला, ‘गुरुजी, कोयता सुटला आन मी मोजणीतूनच गेलो.’ त्याचं आणि माझं आयुष्य कुठंच सारखं नव्हतं. पण त्या वाक्यात आम्ही दोघं एका ओळीत येऊन बसलो.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात साठीच्या पुढची माणसं जवळजवळ दहा टक्के निघाली. तेव्हापासून हा वाटा वाढतोच आहे. आमच्या भागात हंगाम सुरू झाला की गावातलं प्रमाण आणखीच बदलतं. तरणीताठी माणसं ट्रॅक्टरमध्ये संसार भरून निघून जातात, मागं म्हातारी माणसं आणि शाळेतली लेकरं उरतात. चार-पाच महिने गाव त्यांच्याच भरवशावर चालतं. अशा गावात म्हाताऱ्यांनी एकत्र येऊन काही शिकावं, शिकवावं, हा विरंगुळ्याचा विषय राहत नाही. गावाचा जीव त्यावर टिकतो, असं माझं मत झालं आहे.

या मताकडं मी पोथीच्या वाटेनं आलो. आषाढी एकादशी झाली की मराठवाड्यातल्या गावोगावच्या देवळांत पोथी लागते. कुठं श्रीधरस्वामींचा हरिविजय, कुठं पांडवप्रताप, कुठं महीपतींचा भक्तिविजय. हरिविजय १७०२ चा, पांडवप्रताप १७१२ चा, भक्तिविजय १७६२ चा. अडीचशे-तीनशे वर्षांपूर्वीची ही मराठी आज सरळ वाचून समजत नाही, म्हणूनच पोथीला दोन माणसं लागतात. एक वाचणारा आणि एक अर्थ सांगणारा. वाचणारा ओवी म्हणतो आणि थांबतो. सांगणारा ती आपल्या बोलीत उकलतो. तिसरा असतो ऐकणारा, आणि तो काही मुका नसतो. ‘असं कसं? मागच्या अध्यायात तर वेगळं सांगितलं होतं,’ असं तो मधेच अडवतो. ज्यानं आयुष्यात पाटी धरली नाही असा माणूस वाचणाऱ्याचा चुकलेला शब्द दुरुस्त करतो, कारण त्यानं हा अध्याय लहानपणापासून इतक्यांदा ऐकलेला असतो की तो त्याच्या कानात छापलेला आहे.

मी शिक्षक म्हणून हे बघत होतो आणि थक्क होत होतो. वर्ग होता, पाठ होता, शंका होत्या, उजळणी होती. पांडवांच्या वाटणीची गोष्ट निघाली की ऐकणारे आपल्या भावकीवर यायचे. पाच गावंसुद्धा न देणाऱ्या दुर्योधनाचं ऐकून एकजण बांधावरून चाललेल्या स्वतःच्या भांडणाबद्दल बोलायला लागायचा. मग अर्धा तास त्या बांधावर चर्चा, आणि पुन्हा पोथी. मुलांना मी वर्षानुवर्षं सांगत आलो की धड्याचा आपल्या जगण्याशी संबंध लावा. ते इथं कुणी न सांगता होत होतं.

वाचणाऱ्याला मोतीबिंदू झाला की दुसरा वाचायला बसतो. सांगणारा थकला की जो इतकी वर्षं ऐकत होता त्याच्याकडं बोट जातं. तो आधी नाही म्हणतो, मग सांगायला लागतो, आणि पहिल्याच आठवड्यात त्याची बसण्याची ढब बदलते. ऐकणारा सांगणारा होतो. कुठल्याच कागदावर नोंद न होणारी ही बढती माझ्या मते साठीनंतर माणसाला मिळू शकणारी सगळ्यांत मोठी बढती आहे.

सप्ताहात हीच गोष्ट आणखी ठळक दिसते. पहाटे काकडा, सकाळी ज्ञानेश्वरीचं पारायण, दुपारी गाथेवरचं भजन, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन आणि त्यानंतर जागर, असा सात दिवसांचा क्रम. या साऱ्याच्या मध्ये विणा. सप्ताह बसला की विणा खाली टेकवायचा नाही. दिवसरात्र कुणीतरी तो गळ्यात घेऊन उभं असतं, आणि ठरल्या वेळेला दुसऱ्याच्या गळ्यात देतं. त्याला पहारा म्हणतात. पहाऱ्यांची यादी आधीच लागते, नाव आणि वेळ लिहून. मध्यरात्रीनंतरचा पहारा बहुतेक म्हाताऱ्यांकडं येतो. तरण्यांना झोप आवरत नाही, म्हाताऱ्यांना येत नाही. घरात जी निद्रानाशाची तक्रार असते ती मंडपात सेवेला येते. रात्री दोनला काठी टेकत निघालेल्या माणसाला घरातलं कुणी ‘कुठं चालला?’ म्हणून अडवत नाही. त्याचं नाव यादीत आहे. तो गेला नाही तर आधीचा माणूस विणा घेऊन उभाच राहील.

त्याच्यावाचून तिथं खरोखर अडतं. मला हवं होतं ते हेच होतं.

म्हातारपणासाठी आपण जागा करतो त्या बहुतेक बसण्याच्या. बाक, कट्टा, उद्यानातली सावली. त्या हव्यातच, थकलेल्या गुडघ्यांना त्यांची गरज आहे. पण बसायला जागा मिळाली म्हणजे माणसाला स्थान मिळालं असं होत नाही. ज्या मंडळात प्रत्येकाकडं पहारा आहे, म्हणजे ठरलेल्या दिवशी ठरलेलं काम आहे आणि ते दुसऱ्या कुणीतरी आपल्याकडून घ्यायचं आहे, तिथं माणसं दुखणं बाजूला ठेवून येतात. जिथं सगळे नुसते श्रोते असतात, तिथं पहिल्या पावसाला गर्दी ओसरते.

पुढं वाचनात आलं की जगात इतरत्रही माणसं याच निष्कर्षाला पोचली होती. फ्रान्समधल्या तुलूझ शहरात १९७३ मध्ये प्येर व्हेला या प्राध्यापकांनी निवृत्तांसाठी विद्यापीठाची दारं उघडली आणि त्या उपक्रमाला तिसऱ्या वयाचं विद्यापीठ म्हटलं. शिकण्याचं पहिलं वय, कमावण्याचं दुसरं, आणि त्यानंतर हातपाय चालतात तोवरचं तिसरं, अशी ती कल्पना. तिथं प्राध्यापक शिकवत आणि म्हातारे ऐकत. १९८१-८२ च्या सुमारास ही कल्पना इंग्लंडात केंब्रिजला आली. इतिहासकार पीटर लॅस्लेट, समाजशास्त्रज्ञ मायकेल यंग आणि शिक्षणतज्ज्ञ एरिक मिडविंटर यांनी तिचा सांधाच बदलला. त्यांचं म्हणणं असं की निवृत्त माणसांत डॉक्टर आहेत, सुतार आहेत, शिक्षक आहेत, माळी आहेत. मग बाहेरून शिकवणारा कशाला? जो आज शिकवेल तो उद्या दुसऱ्याच्या वर्गात शिकायला बसेल. परीक्षा नाही, पदवी नाही, प्रवेशाला कसली अट नाही. गट आपापल्या घरांत, सभागृहांत भरू लागले आणि ही रीत पुढं अनेक देशांत गेली.

केंब्रिजच्या त्या रीतीत आणि आमच्या पोथीत मला एकच तत्त्व दिसतं, ज्ञान वर्तुळात फिरलं पाहिजे. पण आमच्या वर्तुळाची एक उणीव त्या वाचनामुळंच डोळ्यांपुढं आली. केंब्रिजच्या दाराला अट नव्हती. आमच्या देवळाच्या पोथीला लिहिलेली अट नसली तरी कोण येतं आणि कोण येत नाही हे सगळ्या गावाला ठाऊक असतं.

ज्या चार महिन्यांत देवळात पोथी चालते, त्याच काळात आमच्या भागातल्या बुद्धविहारांत वर्षावास असतो. आषाढी पौर्णिमेपासून आश्विनी पौर्णिमेपर्यंत बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचं वाचन होतं. मूळ इंग्रजी ग्रंथ १९५७ मध्ये, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झाला, आणि त्याचं मराठी रूप आज गावोगावच्या विहारांत मोठ्यानं वाचलं जातं. तिथंही एक वाचतो, एक समजावतो, बाकीचे विचारतात. पांढऱ्या लुगड्यातल्या म्हाताऱ्या पहिल्या रांगेत असतात आणि नातू वाचत असेल तर त्याचा उच्चार सुधारायला सांगतात. मुसलमान मोहल्ल्यातल्या अगदी वयस्कर माणसांना उर्दू वाचता येते. त्यांच्या पिढीतल्या काही हिंदू म्हाताऱ्यांनाही यायची, कारण १९४८ च्या सप्टेंबरात निजामी राजवट संपेपर्यंत इथल्या सरकारी शाळांची भाषा उर्दू होती. जमिनीचे जुने कागद, फारशी-अरबी शब्दांनी भरलेले, वाचणारी ती शेवटची माणसं. एकाच गावात, एकाच पावसाळ्यात, इतके वर्ग एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर भरतात आणि एकमेकांना ऐकत नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं. प्रत्येकाची श्रद्धा प्रत्येकानं जपावी. पण श्रद्धेच्या पलीकडं म्हाताऱ्या माणसाला सांगण्यासारखं फार असतं, आणि ते सगळ्यांनी मिळून ऐकावं अशी एखादी जागा गावात हवी. शाळेच्या व्हरांड्याइतकी योग्य जागा मला दुसरी दिसत नाही. तिथं सगळ्यांचीच पोरं शिकली आहेत.

बायांचं काय, हा प्रश्न याहून अवघड. दुपारी तीन-चार बाया कुणाच्या ओट्यावर जमतात, गहू निवडतात, वाती वळतात, भजनी मंडळात अभंग म्हणतात. बचत गटानं त्यांना महिन्याची बैठक दिली. पण शिकणं म्हटलं की त्या हसून म्हणतात, ‘आता गवऱ्या मसणात गेल्या गुरुजी, आता काय शिकायचं?’ या हसण्याला ठाणे जिल्ह्यातल्या एका गावानं उत्तर दिलं आहे. मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावी ८ मार्च २०१६ रोजी, महिला दिनाला, आजीबाईंची शाळा सुरू झाली. जिल्हा परिषदेच्या शाळेतले शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या पुढाकारानं आणि मोतीराम दलाल ट्रस्टच्या मदतीनं. साठीपासून नव्वदीपर्यंतच्या आज्या गुलाबी लुगडी नेसून, खांद्याला दप्तर अडकवून दुपारी दोन ते चार शाळेत बसू लागल्या. वेळ मुद्दाम दुपारची धरली, घरातली कामं उरकल्यावर आणि संध्याकाळच्या चुलीआधी. पाटीवरचा अभ्यास घरी नातवंडं घेतात.

मला या शाळेत सगळ्यांत मोलाचं वाटतं ते गुलाबी लुगडं. कित्येक आज्या विधवा. आपल्याकडं विधवेनं कुठला रंग नेसावा हे गाव ठरवत आलं. गणवेश म्हणून तो रंग आला आणि कुणाला विचारायची गरजच उरली नाही. अक्षर ओळखण्याआधीच त्या बायांनी एक मोठा धडा ओलांडला होता.

सरकारच्या प्रयत्नांचीही आठवण ठेवली पाहिजे. १९५९ मध्ये सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली आणि पुढं ती राज्यभर गेली. गावंच्या गावं साक्षर करायची जिद्द त्या पिढीतल्या शिक्षकांनी धरली. आता उल्लास नावानं नवभारत साक्षरता कार्यक्रम चालू आहे. त्यात १७ मार्च २०२४ ला राज्यभर परीक्षा झाली, वाचन, लेखन आणि संख्याज्ञान मिळून दीडशे गुणांची. सुरकुतलेल्या हातांनी पेपर लिहिणाऱ्या बायांचे फोटो तेव्हा वर्तमानपत्रांत आले होते. बँकेत अंगठ्याऐवजी सही करायची, एसटीची पाटी वाचून गाडीत बसायचं, गोळ्यांच्या पाकिटावरचं नाव ओळखायचं. सत्तरीतल्या बाईला साक्षरतेचा अर्थ इतका थेट असतो.

पण बायांना फक्त शिकवायचं असं धरून चाललो तर अर्धंच काम होईल. त्यांच्याकडून घ्यायचंही आहे. हेमा राइरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी पुण्याहून काम करत महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. तो संग्रह एक लाखाच्या वर आहे. त्यासाठी ते आमच्या शेजारच्या माजलगावातही आले होते. १९९६ मध्ये तिथल्या भीमनगरातल्या बायांनी बाबासाहेबांवरच्या ओव्या त्यांना गाऊन दाखवल्या, आणि त्या आवाजासकट जपल्या गेल्या. ज्या बायांना लिहिता येत नव्हतं त्यांनी आपल्या काळाचा इतिहास गळ्यात सांभाळला होता. आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्यांच्या गळ्यात काय आहे हे आपण कधी विचारलं? गिरण्या आल्या, जाती कोपऱ्यात गेली, आणि ओवी म्हणायचं निमित्तच गेलं. निमित्त पुन्हा दिलं तर ओवी अजून निघते. नातीच्या फोनवर ती ध्वनिमुद्रित झाली आणि परत ऐकवली तर आजी आधी लाजते, मग म्हणते, ‘थांब माय, मधली एक राहिली.’

फोनवरून आठवलं. हल्ली पारावरचा सगळ्यांत मोठा वर्ग फोनचा आहे. पेन्शनवाल्यांना दर वर्षी नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो, आणि आता तो फोनपुढं चेहरा धरूनही देता येतो. श्रावणबाळ आणि संजय गांधी निराधार योजनेचे पैसे खात्यात जमा होतात. ते आले की नाही हे मेसेज वाचून कळतं. कोल्हापूर-सांगलीकडं फडावर असलेल्या पोराचा चेहरा रात्री फोनवर दिसतो. यात भुरटेही शिरले आहेत. ‘खातं बंद होईल, आलेला नंबर सांगा,’ असा फोन आला की भोळा माणूस सांगून टाकतो. म्हणून आम्ही एक रीत पाडली. ज्याला असा फोन आला त्यानं दुसऱ्या दिवशी तो पारावर जसाच्या तसा सांगायचा. समोरचा काय बोलला, कोणत्या आवाजात बोलला, कशाची भीती घातली. ऐकणारे शहाणे होतात आणि सांगणाऱ्याची लाज जाते. कुठल्याही पत्रकापेक्षा हा धडा पक्का बसतो.

शहरांत अशा मंडळांची घडी केव्हाच बसली. गावोगावच्या ज्येष्ठ नागरिक संघांना जोडणारा फेस्कॉम नावाचा राज्यव्यापी महासंघ आहे. मुंबईत मार्च १९९५ मध्ये डॉ. मदन कटारियांनी एका बागेत पाच माणसांना घेऊन हास्यमंडळ सुरू केलं, ते जगभर गेलं. महापालिकांनी विरंगुळा केंद्रं काढली. संयुक्त राष्ट्रांनी १ ऑक्टोबर हा ज्येष्ठांचा दिवस ठरवला. राज्यानं २०१८ मध्ये ज्येष्ठ नागरिक धोरण आणलं. सिरसाळ्यासारख्या गावाला या सगळ्यांतून थेट जाणवली ती मात्र एसटी. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्यांना एसटीचा प्रवास मोफत झाला. पासष्टीपुढच्यांना अर्धं तिकीट आधीपासून होतं, आणि मार्च २०२३ पासून सगळ्याच बायांना अर्धं तिकीट लागतं. लेकाकडं पैसे न मागता घराबाहेर पडता येणं हे म्हाताऱ्या माणसाला किती मोठं असतं ते हात पसरावा लागलेल्यालाच कळेल.

एसटीनं आम्ही परळीला वैजनाथाला जातो, आणि अंबाजोगाईलाही. अंबाजोगाईला मुकुंदराजांची समाधी मानलेलं स्थान आहे, आणि दासोपंतांची पासोडी आहे. दासोपंत १५५१ ते १६१५ या काळातले. पंचीकरणाचा विषय त्यांनी चाळीस फूट लांबीच्या कापडावर लिहून काढला. पोथीसारखं पान उलटायचं नाही, सगळं एका नजरेपुढं उलगडायचं. आमच्यातला एकजण, जन्मभर शिवणकाम केलेला, ती हकिगत ऐकून म्हणाला, ‘एवढ्या लांब कापडावर ओळ सरळ ठेवणं लई अवघड असतं.’ आम्ही सगळे तत्त्वज्ञानाबद्दल ऐकत होतो. त्यानं हाताचं काम पाहिलं. परतताना गाडीत त्यानं ताण्याबाण्याबद्दल, कापडावर शाई पसरू नये म्हणून काय करावं लागत असेल याबद्दल सांगितलं, आणि तेलगावपर्यंत जाणारी माणसंही कान देऊन ऐकत बसली. शिकवण्यासाठी शिक्षक असावं लागत नाही, हे मला माझ्या पेशानं कधी शिकवलं नव्हतं. ते त्या गाडीत शिकलो.

मग काही साध्या गोष्टी नजरेत यायला लागल्या. माणसं का यायची थांबतात? मन उडालं म्हणून क्वचितच. पायऱ्या चढवत नाहीत आणि कठडा नसतो. कानानं कमी ऐकू येतं आणि मागं बसलं की काही कळत नाही. जवळ मुतारी नसते, आणि म्हाताऱ्या माणसाला दर तासाला उठावं लागतं. बायांचं तर विचारूच नका. मांडी घालून बसवत नाही आणि खुर्ची मागायचा संकोच वाटतो. पुस्तकातलं अक्षर बारीक असतं. एक कठडा, दहा खुर्च्या, उजेडाचा दिवा, जवळ स्वच्छ संडास, मोठ्या अक्षरांची पुस्तकं आणि मोठ्यानं वाचणारा एक आवाज. ग्रामपंचायतीला हे जड नाही. गावात एखादं ज्येष्ठांचं मंडळ काढायचं म्हटलं की आपण आधी फलक रंगवायला टाकतो. आधी कठडा बसवावा.

पखवाज वाजवणारे एक आबा भजनात आहेत. हात थरथरतात म्हणून त्यांनी वाजवणं सोडलं. पण डाव्या पुडीला कणीक किती लावायची, ती किती ओली असावी, कधी खरवडून काढायची, हे त्यांच्यासारखं कुणाला कळत नाही. आठवी-नववीतली दोन पोरं आता त्यांच्याकडं बसतात. आबा बोलानं शिकवतात आणि पोरं हातानं वाजवतात. त्या पोरांचे आईबाप हंगामात फडावर असतात. आबांना शिष्य मिळाले हे तर खरंच, पण त्या लेकरांना संध्याकाळी जायला एक घर मिळालं हे मला त्याहून मोठं वाटतं. आजी-आजोबांपाशी राहणाऱ्या लेकराची शाळा सुटते ती बहुतेक अशा रिकाम्या संध्याकाळींत. सरकार हंगामी वसतिगृहं चालवतं, त्यांचा आधार आहे. पण रात्रीचं जेवण झाल्यावर गोष्ट सांगणारं, पाढे घोकून घेणारं, ‘आज शाळेत काय झालं?’ विचारणारं माणूस गावालाच पुरवावं लागेल, आणि ते गावात बसलेलंच आहे.

म्हणून येत्या दिवाळीनंतर टोळ्या निघतील तेव्हा आम्ही शाळेच्या व्हरांड्यात दुपारी चारला बसायचं ठरवलं आहे. पोथीवाले येतील, विहारातले येतील, मोहल्ल्यातले चाचा येतील. बायांसाठी वेळ त्यांना विचारूनच पक्की होईल. भिंतीवर यादी लागेल, सप्ताहातल्या पहाऱ्यासारखी, नाव आणि वार लिहून. सोमवारी तिफणीमागं चाड्यावर मूठ कशी धरायची आणि बी दाट-विरळ कसं पडतं, ते सांगायला ज्याचे बैल कधीच विकले गेले तो शेतकरी. मंगळवारी जुन्या सातबाऱ्यातले उर्दू-फारशी शब्द उलगडायला चाचा. बुधवारी ओव्या. गुरुवारी फोन, आणि त्या दिवशी शिकवणार नववीतली पोरगी, शिकणार आम्ही. शुक्रवारी सही गिरवायची, तो वार माझा. शनिवारी ज्यानं वीस-पंचवीस हंगाम ऊस तोडला त्यानं सांगायचं, की मोळी कशी बांधतात, उचल कशी फिटते आणि कशी फिटत नाही, आणि मुकादमाशी हिशेब करताना कागदावर काय काय लिहून घ्यावं. हा शेवटचा धडा पोरांनी नीट ऐकावा अशी माझी इच्छा आहे. त्यातल्या कित्येकांच्या दारात उद्या मुकादम येईल.

त्या माणसाला मी हे सांगितलं तेव्हा तो बराच वेळ ‘मला काय येतंय?’ म्हणत राहिला. मग त्यानं विचारलं, शनिवारी नेमकं किती वाजता यायचं, आणि कोयता सोबत आणू का.